दहा कोटी एक

माझी चौथी झाली, तीही शाळा बुडवत बुडवत. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं आणि अक्षर ओळीवर राहत नाही. हा कागद कुणाच्या हाती पडलाच तर त्यानं रागावू नये.

दादा भोरला इंग्रजी शाळेत होता. सुट्टीत घरी, भोंगवलीला आला की मला आकड्यांची कोडी घालायचा. माझं लग्न झालं त्या वर्षी भाऊबिजेला ओवाळून झाल्यावर त्यानं पाटीवर एक लिहिला, पुढं सात शून्यं, मग परत एक. दहा कोटी एक. म्हणाला, एक आणि हा स्वतः सोडून याला पुरा भागणारा आकडा शोध.

शेवटी एक होता, म्हणून दोन आणि पाच गेले. आकड्यांची बेरीज दोन, म्हणून तीनही गेला. सातानं भागलं तर तीन उरले. अकरानं दोन. तेरानं दहा. मी वैतागून म्हटलं, याला कुणीच भागत नाही. तेव्हा ताटात घातलेला रुपया त्यानं परत उचलला.

"आता हा माझ्याकडं. उत्तर आण, पुरा परत देतो."

सांगू का, असंही त्यानं विचारलं. मी कानांवर हात ठेवले. मला माझं मलाच काढायचं होतं.

माघात तो तापानं गेला. मी सासरहून, वेल्ह्याहून पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

सासरी पाटी नव्हती. दळण झालं की जात्याभोवतीच्या पिठात बोटानं एक काढायची, शून्यं काढायची आणि पुसून टाकायची. पुढं हात जाईना. उत्तर आलं तर सांगायचं कुणाला? अशी कित्येक वर्षं गेली.

एका सकाळी मात्र पुसलं नाही. चौदा, पंधरा, सोळा बघायचे नसतात; दोन-तीनानं जो भागला नाही तो त्यांनी भागत नाही, हे दादानंच शिकवलेलं. म्हणजे तेरानंतर सतरा. भागत गेले. अठ्ठावन्न लाख ब्याऐंशी हजार तीनशे त्रेपन्न, आणि खाली शून्य. अगदी पुढचाच होता. त्या दिवशी आणखी एकदा भागलं असतं, तर त्याच्यासमोरच निघाला असता. त्या पिठाच्या भाकरी केल्या आणि सगळ्यांना वाढल्या.

पुढं माहेरी गेले तेव्हा आई चुलीशी होती. मी नुसतं म्हटलं, "आई, सतरा."

तिनं फुंकणी खाली ठेवली. फळीवरच्या डब्यातून चिंधीची एक गाठ काढून आणली.

"सतरा म्हनली तरच द्यायचा, असं मला सांगून गेला व्हता," ती म्हणाली. "आपनहून सांगू नगं, ती रुसंल म्हनला. तू आलीस की दर खेपेला वाट बगायची म्या."

आईला अक्षर ओळखीचं नव्हतं. तो आकडा तिनं इतकी वर्षं नुसता ध्यानात धरला होता.

दातानं गाठ सोडून तिनं रुपया माझ्या तळहातावर ठेवला. मला तो नको होता. दादाकडं माझं काहीतरी राहिलंय, एवढं तरी होतं इतके दिवस. मी हात मागं घेतला, तर आईनंच माझी मूठ मिटली.

"घे, पोरी. त्याचं देनं फिटलं."