व्याख्या नसलेला धडा

आठवीचं गणिताचं नवं पुस्तक आलं तेव्हा मी राहात्याजवळच्या एका गावातल्या हायस्कुलात नवीनच लागले होते. सत्तरचं दशक नुकतं सुरू झालं होतं. भूमितीच्या पहिल्याच धड्यात लिहिलं होतं की बिंदू, रेषा आणि प्रतल यांची व्याख्या करायची नाही. ही तीन पदं आहेत तशी घ्यायची आणि बाकी सगळी भूमिती त्यांच्यावर उभी करायची.

मला यात काही नवल वाटलं नाही, कारण संगमनेरच्या उन्हाळी प्रशिक्षणात आमचं यावरच डोकं खाऊन झालं होतं. तिथले सर विचारत गेले, "बिंदू म्हणजे काय?" आम्ही म्हटलं, स्थान. "स्थान म्हणजे?" जागा. "आणि जागा म्हणजे?" थोड्याच वेळात आम्ही फिरून बिंदूपाशी आलो. सर म्हणाले, "कुठंतरी थांबावंच लागतं." मला पटलं. शेजारणीकडून विरजण आणताना पहिलं दही कुणी लावलं हे आपण विचारत नाही. आपलं दही लागतं, तेवढं पुरतं.

हेडमास्तरांना मात्र हे अजिबात मान्य नव्हतं. त्यांनी आयुष्यभर जुनी भूमिती शिकवलेली.

"बाई, व्याख्या नसलेला धडा असतो का कुठं? पोरं पेपरात काय लिहिणार? मी सांगतो ती लिहून द्या. ज्याला स्थान आहे, पण लांबी, रुंदी, जाडी नाही, तो बिंदू."

"सर, मग स्थान म्हणजे काय, ते विचारतील."

"कोण विचारतंय? आजवर कुणी विचारलेलं नाही!"

हेडमास्तरांशी वाद घालणं मला परवडणारं नव्हतं. माझी नेमणूक वर्षापुरती होती. भिंगारला लष्करी कचेरीत कारकून असलेल्या वडिलांनी बजावलं होतं, "वर्षात कायम झालीस तर खुशाल कर नोकरी. नाही तर परत यायचं. स्थळ तयार आहे." स्थळ खरंच तयार होतं. मुलाकडच्यांची एकच अट होती, सून नोकरी करणारी नको. मला नोकरी हवी होती. कायम व्हायचं तर हेडमास्तरांची शिफारस लागणार होती, आणि ती ते तपासणीचा शेरा बघूनच देणार होते.

तरीही मी पुस्तकाप्रमाणेच शिकवलं. चुकीचं शिकवून नापास होण्यापेक्षा बरोबर शिकवून झालेलं काय वाईट? फळ्यावरचा ठिपका हे बिंदूचं फक्त चित्र आहे, हे सांगितलं. दोन खिळ्यांना दोरा ताणून बांधायला लावला. मुलांना सगळं समजलंही. पण आमच्या मुलांची एक पद्धत होती. पुस्तकातलं काहीही असो, त्याला चाल लावून घोकल्याशिवाय त्यांना अभ्यास झाल्यासारखा वाटायचा नाही. उसाच्या कडेनं घरी जाताना ती काय घोकत होती, ते मला तपासणीच्या दिवशीच कळलं.

त्या दिवशी भिंतींना चुना लागला होता आणि ग्रामपंचायतीतून हातांची खुर्ची आणली होती. तपासणीचे साहेब आठवीच्या वर्गात येऊन तिच्यावर बसले. हेडमास्तर त्यांच्या शेजारी उभे राहिले.

"बिंदू म्हणजे काय?" साहेबांनी विचारलं.

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "ज्याला व्याख्या नाही तो बिंदू!"

"आणि रेषा?"

"जिला व्याख्या नाही ती रेषा!"

"प्रतल?"

"ज्याला व्याख्या नाही ते प्रतल!"

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे तिन्ही एकच की!"

हेडमास्तरांनी माझ्याकडे असं बघितलं की मला तिथल्या तिथे भिंगारचा स्टँड दिसायला लागला.

"व्याख्या नाही, तर मग ओळखायचं कसं?" साहेबांनी पुन्हा विचारलं.

दुसऱ्या ओळीतली एक मुलगी उठली. अंगानं किरकोळ, पण आवाज खणखणीत.

"साहेब, आमची आई दादांचं नाव घेत न्हाई."

"बरं, मग?"

"कुनी कितीबी विचारलं तरी न्हाई. पन ती कुनाबद्दल बोलतीया ते समद्या गावाला कळतं."

"ते कसं?"

"नात्यावरनं. आजीचा थोरला ल्योक, काकाचा भाऊ, माजा बाप. हे समदं जुळनारा येकच मानूस हाय. नाव कशाला पायजे?"

मागून एक मुलगा म्हणाला, "भांडली की घेती नाव!"

"गप रं! तुजी आई घेत आसंल!"

साहेब हसले. "बरं, मग बिंदूची आणि रेषेची नाती सांग."

"दोन बिंदूंतनं येकच रेषा जाती. अन् दोन रेषा येकमेकीला छेदल्या तर येकाच बिंदूत."

"प्रतलाचं कोण सांगतं?"

मघाचाच मुलगा उठला. "तीन बिंदू येका रेषेत नसले तर त्येंच्यातनं येकच प्रतल जातं. म्हनून तीन पायांची तिवई डुगडुगत न्हाई. तुमची खुर्ची डुगडुगती, तिला चार पाय हायेत."

साहेबांनी खुर्ची हलवून बघितली. ती खरंच डुगडुगत होती. हेडमास्तर पायाखाली सरकवायला खापरी शोधू लागले आणि वर्गाला हसायला रीतसर कारण मिळालं.

नंतर ऑफिसात चहा आणि पेरू आले. हेडमास्तर म्हणाले, "साहेब, मी बाईंना व्याख्या लिहून द्यायला सांगितलं होतं."

"आणि त्यांनी दिली नाही?"

"नाही ना."

"बरं केलं." साहेब माझ्याकडे वळले. "पण बाई, तो कोरस बंद करा. मुलांना समजलेलं आहे, मग ओरडायला कशाला लावता?"

"मी नाही लावलं, साहेब. त्यांनीच बसवलंय."

शेरा लिहून साहेब गेले. हेडमास्तरांनी तो उभ्या उभ्या वाचला आणि पुन्हा एकदा बसून वाचला.

"शिफारस उद्या पाठवतो," ते म्हणाले. "पण पेपरात बिंदूची व्याख्या विचारली तर, बाई?"

"व्याख्या करत नाहीत, असं लिहायचं."

"आणि त्याला मार्क मिळतील?"

"न मिळून जातील कुठं, सर? पुस्तक सरकारचंच आहे."

कायम झाल्याची ऑर्डर घेऊन मी भिंगारला गेले. वडिलांनी ती वाचली, घडी घालून परत दिली आणि विचारलं, "आता त्या लोकांना काय कळवू?"

"मुलगी नोकरी करणार आहे, चालत असेल तर या, असं कळवा."

त्यांना चाललं नाही. आईला दोन दिवस वाईट वाटलं. मी रविवारी संध्याकाळच्या एस.टी.नं परत आले, कारण सोमवारी आठवीला समांतर रेषा सुरू करायच्या होत्या.