केरसुणीने दगा दिला

महरूसचे पाय आज जमिनीवर ठरत नव्हते. सासू येणार होती! लग्नाला एकोणीस वर्षं झाली. तंताजवळचं तिचं खेडं अलेक्झांड्रियापासून रेल्वेने जेमतेम दोन तासांवर, पण तफीदा अम्माने लेकीच्या घरात एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. जावयाशी तर ती बोलतच नसे. ईदला महरूस गावी गेला की समोरासमोर बसून ती लेकीला म्हणायची, "इन्शिराह, तुझ्या नवऱ्याला सांग, बदक गार होतंय." कोळ्याला मुलगी देणं म्हणजे पाठवणीतच विधवेचे काळे कपडे बांधून देणं, असं तिचं म्हणणं. सासऱ्यांनी ऐकलं नाही, मुलगी दिली. पुढे ते वारले आणि बाईचा सगळा राग एकट्या महरूसच्या वाट्याला आला.

आजची तारीख त्यानेच काढली होती. अनफूशी बंदराच्या कोळ्यांना हिवाळ्यातली वादळं नावानिशी आणि तारखेनिशी पाठ. नोव्हेंबरच्या सोळाला केरसुणी येते, समुद्राचा तळ झाडून काढते. तिच्याआधी दोन-तीन दिवस पाणी ताटातल्या तेलासारखं निवांत असतं. म्हणून चौदा तारीख. अम्माला होडीत बसवायचं, बंदरातल्या बंदरात कायतबायच्या किल्ल्यापर्यंत न्यायचं. एकदा पाण्यावर बसली की बोलेल, बोलावंच लागेल! "तीस वर्षांत माझी तारीख चुकलेली नाही," हे त्याने आठवडाभर इतक्यांदा सांगितलं की कहवाखान्याचा मालक सब्री त्याला लांबून पाहूनच कानात बोटं घालायला लागला.

सकाळी अम्मा उतरली ती तुपातल्या पदर सुटलेल्या रोट्यांची टोपली आणि दोन जिवंत बदकं घेऊन. धक्क्यावर आल्यावर जन्मात पहिल्यांदा तिने समुद्र पाहिला. महरूस तिच्या तोंडाकडे बघत उभा.

"इन्शिराह, तुझ्या नवऱ्याला सांग, पाणी पुष्कळ आहे," ती म्हणाली. "पण पिता येत नाही, शेताला देता येत नाही. मग त्याचं करायचं काय?"

महरूस मनापासून हसला. होडीची सैर अजून बाकी होती ना! होडीला नवा निळा रंग लावलेला, आत घरातल्या दिवाणाच्या गाद्या अंथरलेल्या. अम्माला धक्क्याच्या पायरीवर थांबवून तो दोर सोडायला वाकला, आणि डाव्या कानाला गार वारा लागला. वायव्येचा. त्याने मान वर केली. किल्ल्यामागचं आभाळ वांग्याच्या रंगाचं झालं होतं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. आजूबाजूचे सगळे होड्या वर ओढत होते.

"महरूस," सब्री कहवाखान्याच्या दारातून ओरडला, "केरसुणी तुझ्या सासूच्याच गाडीने आली रे!"

सगळा धक्का खदखदून हसला.

महरूस दोर धरून तसाच उभा राहिला. दहा मिनिटांचा तर रस्ता. झटकन जाऊन आलो तर? नाही गेलो तर ही बाई मरेपर्यंत टोमणे मारील, तेही बायकोमार्फत. मग त्याला पायरीवर अम्माचे पाय दिसले, प्लास्टिकच्या चपलांतले, भेगाळलेले. त्याने दोराला दुहेरी गाठ मारली आणि तो वर आला.

"अम्मा, आज नाही जायचं. माझी तारीख चुकली."

अनफूशीच्या कोळ्याने चारचौघांत हे म्हणणं म्हणजे गंमत नव्हे. तेवढ्यात पहिली लाट कठड्यावर आदळली, दोन मजले उंच उडाली आणि तिघांच्या अंगावर कोसळली.

इन्शिराह किंचाळली. अम्माच्या डोक्यावरची ओढणी तिरकी झाली, नाकातून पाणी गळायला लागलं, डोळे हे एवढे मोठे झाले. आणि ती हसत सुटली! "अगं बाई, हा तर डरकाळ्या फोडतोय! आणखी एक येतेय! ती बघ, ती बघ!" तिने शेजारचा दंड घट्ट पकडला. तो महरूसचा होता.

"अम्मा, घरी चल, आजारी पडशील!" इन्शिराह ओरडली.

"तू जा. मी नि महरूस थांबतो."

एकोणीस वर्षांत आपलं नाव तिच्या तोंडून त्याने ऐकलं नव्हतं. तो दोन पावलं मागे सरकला आणि तिलाही सांभाळून मागे घेतलं.

"असल्या पाण्यात जातोस तू?" तिने विचारलं. थेट त्यालाच.

"नाही अम्मा. असलं पाणी असलं की आम्ही घरी बसतो."

"दरवेळी?"

"दरवेळी. लोक हसले तरी."

"मग हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं का नाही?"

महरूसला रडू फुटलं आणि त्याने ते लपवलंही नाही. अम्माने ओल्या ओढणीने आधी त्याचं तोंड पुसलं, मग स्वतःचं. पुढची लाट फुटली तशी ती पुन्हा लहान मुलीसारखी टाळ्या पिटायला लागली.

"आता पुढचं वादळ कधी?"

"चार डिसेंबरला, अम्मा. कासिम नावाचं. ते याहून मोठं!"

"मग मी एक तारखेलाच येते," अम्मा म्हणाली. "तुझ्या तारखांवर कोण विसंबणार?"