आत्या एकदाची सरळ बोलली

टायरच्या दुकानाच्या मालकिणीला सगळे आत्या म्हणत. सख्खा भाचा तिला एकही नव्हता. नदीपलीकडून लग्न होऊन ती इकडे आली, त्याला तीस वर्षं झाली. नवरा गेल्यावर जॅक, पाना आणि तोंड या तिघांच्या जिवावर तिने दुकान चालवलं. ट्रकचं चाक ती एकटी उतरवायची, आणि मदतीला पुढे येणाऱ्याला बाजूला बसवून चहा पाजायची.

पण तिचं बोलणं! पलीकडच्या माणसांना वाईट बातमी थेट सांगताच येत नाही. आधी घरच्यांची खुशाली, मग दुखणीखुपणी, मग हवापाणी, आणि तोवर ऐकणारा शुद्धीवर असला तर मुद्दा. एकदा एका ड्रायव्हरच्या इंजिनातून धूर निघत होता, तर आत्याने आधी त्याच्या आईच्या मोतीबिंदूची चौकशी केली. इंजिन गेलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन मात्र छान झालं होतं.

अलीकडच्यांची तऱ्हा वेगळी. ते बोलतात की धोंडे मारतात तेच कळत नाही. ‘या, बसा’ म्हणतानासुद्धा दम दिल्यासारखं वाटतं.

दर रविवारी सकाळी फिटरच्या गॅरेजात जुन्या ट्रकांचे वेडे जमत आणि कामापेक्षा जास्त एकमेकांच्या बोलण्याच्या नकला करत. त्या रविवारी मोठा दिवस होता. निवृत्त शाळामास्तरांनी भंगारातून उचललेला ट्रक तीन वर्षांनी पहिल्यांदा रस्त्यावर निघणार होता, तोही टेकडीच्या उतारावरून. केबिनमध्ये मास्तरांशेजारी त्यांच्या बायको, मास्तरीणबाई, बसल्या होत्या, मागे हौद्यात सहा जण उभे होते.

“आत्या, आज एक तरी वाक्य आमच्यासारखं बोलून दाखव,” फिटर म्हणाला. “फुकट जेवण देतो.”

“बघू,” म्हणत आत्या चाकांची हवा तपासायला वाकली. पुढच्या चाकाशी तिची नजर वर गेली आणि तिथेच अडकली. स्टिअरिंगच्या दांड्याचा नट अर्धा सुटला होता. तो फिरू नये म्हणून त्यात आडवी पिन घालतात, ती घातलेलीच नव्हती. दोन वळणं, आणि चाक स्टिअरिंगचं ऐकणार नव्हतं.

वर मास्तरांनी इंजिन सुरू केलं.

आत्या उठली आणि आयुष्यात पहिल्यांदा सरळ बोलली. “बंद करा! स्टिअरिंग सुटलंय! सगळे मराल!”

 हौद्यातून टाळ्यांचा कडकडाट झाला.

“वा! अगदी माझी बायको बोलली!” पेंटर ओरडला.

“जेवण पक्कं!” फिटरने शिट्टी मारली. हसता हसता मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी गिअर टाकला.

आत्याला रडू आलं आणि राग त्याहून जास्त आला. या गाढवांना सत्य सांगायचं तरी कोणत्या भाषेत? ट्रकने एक हिसका दिला. तिने पायरीवर पाय ठेवला, खिडकीची कड घट्ट धरली आणि अगदी हळू, अगदी गोड आवाजात विचारलं, “मास्तर, वहिनींचे गुडघे कसे आहेत हो?”

मास्तरांचा पाय ब्रेकवर गेला. चेहऱ्यावरचा रंग उडाला. इंजिन बंद झालं.

“कोण गेलं?” त्यांनी विचारलं.

“अजून कोणी नाही,” आत्या म्हणाली. “खाली उतरा.”

मास्तर उतरले, चाकाशी आडवे झाले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. तीन वर्षं त्या स्टिअरिंगला त्यांनी फिटरलाही हात लावू दिला नव्हता. हौद्यातली मंडळी एकेक करून खाली उतरली. कोणी काही बोलेना, आणि अलीकडच्यांना हे फार जड जातं.

शेवटी आत्याच ट्रकखाली सरकली. खिशातली पिन तिने मास्तरांपुढे धरली. मास्तरांनी ती घेतली नाही, तोंड चाकाकडे फिरवलं.

“आत्या,” ते पुटपुटले, “तुम्हीच घाला. आणि वर कोणाला सांगू नका, मी रडतोय म्हणून.”