द्राक्षं आत, बाळ गेटबाहेर

मी सांगतेय, नात टाइप करतेय. चुका तिच्या.

माझी सून सायखेड्याजवळ द्राक्षांच्या पॅकिंगला जाते. तिच्या चार महिन्यांच्या बाळाला मी रोज जेवणाच्या सुट्टीत गेटवर न्यायचे, ती पाजायची. सोमवारपासून निर्यातीचा माल आलाय, म्हणून बाहेर पडणं बंद.

सुपरवायझर म्हणाला, "आजी, ती आत आली की परत हात धुवायचे, टोपी घालायची, लय वेळ जातो."

"द्राक्षाला एवढं जपतो, बाबा. तुला काय आईनं फवारणी करून वाढवलं?"

हसला, पण तिला सोडलं नाही.

बाळ रडून रडून दमायचं, म्हणून बाटली मीच आणली. तिकडे सून बाथरूममध्ये दूध पिळून टाकायची.

आज संध्याकाळी तिनं पदराखाली घेतलं, तर त्यानं तोंड फिरवलं. तिनं पोर माझ्या मांडीवर ठेवलं आणि भांडी घासायला बसली.

बाटली मी लपवलीय. पोर उपाशीच झोपलंय. बायांनो, कुणाचं लेकरू परत अंगावर प्यायला लागलं का?