ओट्यावरची सिरिंज

ओट्यावर कपांच्या शेजारी, नळीतून दूध द्यायची सिरिंज धुऊन उपडी ठेवलेली होती. सहा वर्षांच्या ओवीला गिळता येत नसे, फिट्सही यायच्या. अशा मुलांचं घरी कसं केलं जातं, याच्या पाहणीसाठी मी घरोघर फिरते. या घरी दुसऱ्यांदा आले होते. सिरिंज बघून म्हटलं, "दूध झालं वाटतं? झोपली का?"

"ओवी गेली, ताई. महिना झाला," तिची आई म्हणाली. "सिरिंज सवयीनं धुतली जाते."

मूल गेलं की फॉर्मवर आडवी रेघ मारायची आणि उठायचं, असा आमचा नियम. नियम करणाऱ्यानं असा ओटा पाहिला नसावा. माणूस जातं, पण त्याच्यासाठी शिकलेलं काम हातांतून इतक्या लवकर जात नाही.

मी पेन काढलं, तशी ती म्हणाली, "विचारा ना सगळं. तिच्याबद्दल आता कोणी विचारतच नाही."

मग मी विचारत गेले. औषधं बंद होती, दवाखाना बंद होता. शेवटचा प्रश्न होता, रात्री किती वेळा उठावं लागतं? मागच्या वेळी तिनं तीनदा म्हणून सांगितलं होतं.

ती सिरिंजकडे बघत म्हणाली, "तीनदाच."