मेक्सिकोबाईंचा शुक्रवार

“ही मुलगी शिकवणार? हिला कोंबडीसुद्धा हुसकता यायची नाही.”

पडद्याआड खडूची पेटी हातात धरून मी उभी होते. पलीकडे बाई आमच्या शाळा कमिटीच्या कासमभाईंना माझ्याबद्दल सांगत होत्या. आवाज कमी करण्याची तसदीही त्यांनी घेतली नाही. नोकरीचा माझा पहिलाच महिना होता आणि ती गेली, तर ज्याच्याकडे मी राहत होते तो माझा दादा मला पहिल्या बोटीने मुंबईला परत धाडणार होता. तिथे लग्नाचं बघायला आई टपलेलीच होती.

दुबईत तेव्हा खाडीकाठी एका भाड्याच्या घरात आमची शाळा भरायची. बाई मुख्याध्यापिका. त्यांचे यजमान बोट कंपनीत होते आणि इथे येण्याआधी काही वर्षं मेक्सिकोच्या एका बंदरात होते. तेवढ्या वर्षांत बाईंनी तिकडची जुनी स्पॅनिश शहरं पायी पालथी घातली होती. मुली त्यांना माघारी मेक्सिकोबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना थोडा गर्वच वाटत असावा. पाचवारी पातळाखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालणारी दुसरी बाई मी आजवर पाहिलेली नाही.

“गाडीतून शहर बघणं म्हणजे वासावर जेवणं,” असं त्या म्हणत. म्हणून दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मोठ्या मुलींना घेऊन त्या इराणी व्यापाऱ्यांच्या वस्तीत फिरायला निघत. समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडांची घरं, वर वारा पकडणारे चौकोनी मनोरे. बाई छत्रीच्या टोकाने वाळूत नकाशा काढत आणि दुबईच्या त्या बोळात मेक्सिकोतलं पुएब्ला शहर उभं करत: विटांच्या लाल भिंतींत बसवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा, रस्त्यावरून दिसणारी अंगणं. आंधळं कौतुक मात्र त्यांना कशाचंच नव्हतं. पुएब्लाजवळच्या चोलुलाच्या टेकडीवरचं चर्च सुंदर आहे का, असं एकीने विचारलं, तर म्हणाल्या, “सुंदर आहे. खाली दुसऱ्याचं देऊळ गाडलेलं आहे. दोन्ही लिहा.”

मी पाण्याचा डबा घेऊन रांगेच्या शेवटी चालायची. त्या मला नावाने हाक मारत नसत. “ए शेपूट, आलीस का?” एवढंच. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी अडखळायचं. मी काही बोलले की त्या मुलींकडे वळून विचारत, “काय म्हणाली? तुम्हाला ऐकू आलं?” मुली हसत. मला बाईंचा मनापासून राग यायचा. आणि तरी गुरुवारी रात्री मी डबा स्वच्छ घासून ठेवायची, हेही खरं.

एकदा कासमभाईंच्या मुलीने, झुबेदाने, बाईंना विचारलं, “मिस, व्हाय इज देअर अ वॉल बिहाइंड द डोअर?” समोरच्या घराचं दार उघडं असलं तरी आत समोर आडवी भिंत होती. वळून गेल्याशिवाय अंगण दिसायचं नाही.

“तुझ्या आईला अंगणात केस वाळवता यावेत म्हणून,” बाई म्हणाल्या. “असं अंगण अरबांनी स्पेनला नेलं, स्पेनने मेक्सिकोला. ही भिंत तेवढी वाटेत कुठेतरी राहिली. म्हणून तिकडे उघड्या दारातून खुशाल आत डोकवावं. इथे बाहेर थांबून हाक मारायची.”

आणि पुढच्याच शुक्रवारी त्या स्वतः ते विसरल्या. एका उघड्या दारातून, आडव्या भिंतीच्या कडेला, निळ्या फरशीचा तुकडा चमकला. बाईंची पावलं जी वळली ती थेट उंबऱ्याकडे.

मी मागून म्हणाले, “बाई, आधी हाक मारायला हवी.”

“काय पुटपुटतेस? ऐकू येईल असं बोल,” त्या मागे न बघता म्हणाल्या आणि आत शिरल्या. मागोमाग मुलींची रांग.

अंगणात घरातली सून उघड्या डोक्याने केस वाळवत बसली होती. ती किंचाळली. म्हाताऱ्या सासूने स्वतःची ओढणी काढून तिच्यावर टाकली. आम्ही माफी मागत बाहेर पडलो, पण संध्याकाळपर्यंत त्या घरचे पुरुष तक्रार घेऊन कासमभाईंच्या दुकानात पोचले होते.

कमिटी वर्गातच बसली. कासमभाई रत्नागिरीकडचे, बोलायला गोड. मला म्हणाले, “बाय, आपण परक्या मुलखात राहातो. मी पोरीला शाळेत धाडली, मेक्सिको बघायला नाही धाडली. ते शुक्रवारचं फिरणं खलास, नि बाईही खलास. तू फक्त सांग, न विचारता आत गेल्या ना? नुसतं हो म्हण. वर्ग मग तुझेच.”

बाई भिंतीशी उभ्या होत्या. पायात तेच बूट, त्यांवर वाळू. मी त्यांच्याकडे पाहिलं. विनवणी वगैरे त्या चेहऱ्यावर नव्हतीच. उलट कपाळाला आठी होती, वर्गात मी फळ्यावर काही चुकीचं लिहिलं की पडायची तीच. कुणीतरी पंखा बंद केला.

“शेपूट,” त्या म्हणाल्या, “ऐकू येईल असं बोल.”

मी खडूच्या पेटीवरचा हात काढला आणि बोलले. बाहेरच्या बोळातला पाणीवालाही गाढव थांबवून बघायला लागला, इतक्या मोठ्याने.

“हो, बाई न विचारता आत गेल्या. चूक त्यांचीच. पण शुक्रवार बंद करू नका. मुलींना बाईच नेतील. दारात हाक मी मारीन.”