मी ज्या पंखावर बसलो

आमच्या सड्यावर, म्हणजे समुद्राकाठच्या उघड्या कातळमाळावर, संध्याकाळी विमानं उडवायला जमणाऱ्या मंडळींना माझ्या शेजाऱ्याचं पिवळं विमान अजून आठवतं. त्याबद्दल मी दोन वर्षं तोंड उघडलं नाही. आता सगळं सांगून टाकतो.

शेजारी जहाजावर इंजिनरूममध्ये होता. निवृत्त होऊन रत्नागिरीला परतला आणि बाल्सा लाकडाची छोटी विमानं करू लागला. मी त्याला उगाच कप्तान म्हणतो. मी शाळेत शिकवायचो, म्हणून तो मला मास्तर. बाल्सा म्हणजे लाकूड कसलं, पापडच! त्याच्या बरगड्या कापायच्या, कण्याला चिकटवायच्या, वर पातळ कागद ताणायचा. हातातून सोडलेली, बिनरिमोटची कप्तानची विमानं झकास उडत, पण नाकासमोर. सडा संपला की कडा, कड्याखाली समुद्र. सहा विमानं माशांना गेली.

सातव्याचा पंख त्याने आरामखुर्चीवर वाळत ठेवला आणि तो आत दुपारची नमाज पढायला गेला. मी आलो, पेपर उचलला आणि बसलो.

कर्रकन आवाज झाला. खुर्चीचा नव्हता.

डावीकडच्या तीन बरगड्या आणि कणा गेला. बाल्सा कपाटात, किल्ली त्याच्या खिशात. पडवीत आंब्याची रिकामी पेटी होती. तिची एक कामटी सोलली, कण्याला जोड दिली, वर कागदाचं ठिगळ डकवलं. तो बाहेर आला तेव्हा मी दारात उभा.

"बस की मास्तर."

"नको. उभाच बरा."

ठिगळ दिसलं त्याला. आपलंच असेल समजून त्याने वर पिवळा रंग फिरवला.

दुसऱ्या दिवशी विमान सुटलं आणि कडा यायच्या आत डावीकडे वळलं. पुन्हा वळलं. तापलेल्या कातळावरच्या गरम हवेत घारीसारखं घिरट्या घालत वर वर गेलं! मंडळी ओरडत होती, कप्तान लुंगी सावरत नाचत होता. विमान पुन्हा सड्यावरच उतरलं, तेव्हा त्याने मला मिठी मारली. "माझ्या हातांची किमया, मास्तर!" तेव्हाच सांगायला हवं होतं.

ते विमान भिंतीवर टांगलं गेलं. मग तसाच पंख करण्यासाठी त्याने जिवाचं रान केलं. प्रत्येक नवं विमान सरळ समुद्रात. गेल्या महिन्यात त्याने थरथरते हात माझ्यापुढे धरले. "हे गेले रे आता. उरलेलं बाल्सा तू घेऊन जा."

मला राहवेना. भिंतीवरचं विमान काढून मी ब्लेडने कागद फाडला. आत कामटी, तिच्यावर लाल अक्षरांत अर्धवट 'हापू'.

"हे काय?"

"मी बसलो होतो."

"कशावर?"

"पंखावर. मग हे जोडलं. डावी बाजू जड झाली, म्हणून ते वळलं. तुझे हात ठीक आहेत, कप्तान."

त्याने कामटीवरच्या लाल अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"मेल्या, दोन वर्षं मी हातांना शिव्या देतोय, आणि विमान उडलं तुझ्या ढुंगणामुळे!"

मग असा हसत सुटला, की त्याची बायको आतून धावत आली. डोळे पुसत त्याने नवाकोरा पंख आणून खुर्चीवर ठेवला.

"माफ कर रे," मी म्हणालो.

"माफीचं नंतर. बस."

"कप्तान, अरे..."

"बस म्हणतो ना! डाव्या बाजूला. हळू."

त्याने माझा दंड धरून मला खाली बसवलं. हात जरासुद्धा थरथरला नाही.